कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे सगळ्यात शेवटी विचारा

पत्राचा सारांश: नाशिकमधल्या ६४ सदनिकांच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी लिहितात. दिवाळीनंतरच्या आठवड्यात पहाटे पावणेतीनच्या सुमारास त्यांच्या स्टिल्ट पार्किंगमधून एका भाडेकरू मुलाची मोटारसायकल चोरीला गेली. मुलगा कंपनीत कंत्राटी कामाला आहे आणि गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. फुटेजमध्ये दोघे जण दिसतात. एक जण हँडल लॉक मोडून चोरीच्या गाडीवर बसलेला, दुसरा फाटकाबाहेर उभ्या केलेल्या आपल्या दुचाकीवरून पायाने ती ढकलत नेणारा. पोलिसांनी त्या दुसऱ्या दुचाकीचा नंबर मागितला. फुटेजमध्ये नंबरप्लेटच्या जागी नुसता पांढरा चौकोन आहे आणि चेहऱ्यांच्या जागी राखाडी डाग.

सोसायटीत सध्या २ मेगापिक्सेलचे १२ कॅमेरे आहेत. सहा वर्षांपूर्वी तीन कोटेशनांतून सगळ्यात स्वस्त कोटेशन याच बाईंनी सुचवलं होतं, म्हणून आता व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज ऐकावं लागतं: पैसे वाचवले म्हणून चोर सुटला. एका पुरवठादाराने १६ फोरके (८ मेगापिक्सेलच्या) कॅमेऱ्यांचं ३,८४,००० रुपयांचं कोटेशन दिलंय, म्हणजे घरटी ६,०००. चेअरमनचं म्हणणं, त्यापेक्षा थेट एटके (फोरकेच्याही चौपट पिक्सेलचे) घेऊ, पुढची दहा वर्षं बघायला नको. निम्मे सभासद पेन्शनवर आहेत. सभा तीन आठवड्यांवर आली आहे. फोरके घ्यावेत की एटके, आणि जे झालं ते माझ्यामुळे झालं का, असं त्या विचारतात.

उत्तर:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही, तुमच्यामुळे झालं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही फाटकापर्यंतचं अंतर टेपने मोजून पाठवलंत, कॅमेऱ्यावरचं लेबल उतरवून पाठवलंत, त्यामुळे हिशेब करता आला. त्या रात्री त्याच बीमवर, त्याच लेन्सचा फोरके कॅमेरा असता तरी पोलिसांना नंबर मिळाला नसता, असं तो हिशेब सांगतो.

हिशेब सोपा आहे, सभेत फळ्यावर मांडता येईल. तुमचा फाटकाकडे बघणारा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, म्हणजे चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल (चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी बनतं ते ठिपके). लेन्स २.८ मिमीची, म्हणजे रुंद कोनाची. अशा लेन्समधून १४ मीटरवरच्या फाटकापाशी साधारण ३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो: फाटक, दोन्ही अंगांची कंपाउंडची भिंत, रस्ता, पलीकडच्या बंगल्याचं कुंपण. १,९२० भागिले ३०, म्हणजे मीटरमागे ६४ पिक्सेल. दुचाकीची मागची नंबरप्लेट नियमाप्रमाणे २०० बाय १०० मिमी असते. तिच्या वाट्याला रुंदीत जेमतेम १३ पिक्सेल आले आणि तेवढ्यात दोन ओळींची अक्षरं-आकडे बसवायचे. चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याला १० पिक्सेल.

आता त्याच जागी फोरके बसवू. मेगापिक्सेल चौपट होतात, २ चे ८. पण ते आडवे आणि उभे मिळून चौपट. रुंदीत फक्त दुप्पट, ३,८४०. मीटरमागे १२८, प्लेटला २६, चेहऱ्याला २०. पाळत-कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत यासाठी आकडे ठरवून दिलेत: कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरमागे २५ पिक्सेल, रोजच्या बघण्यातला माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायला २५०. म्हणजे तुमच्या फाटकावर फोरकेने एवढंच साधलं असतं की तो चोर सोसायटीतलाच कुणी असता तर वॉचमनने ओळखला असता. तेही भर दुपारी.

एटकेची रुंदी ७,६८० पिक्सेल. मीटरमागे २५६. चेअरमनसाहेब म्हणतील, बघा, उंबरठा ओलांडला. ओलांडला, पण कागदावर. रात्रीचं पुढे सांगतो. त्याआधी याच फळ्यावर एक ओळ आणखी लिहा. तुमचाच २ मेगापिक्सेलचा कॅमेरा ठेवून फक्त लेन्स १२ मिमीची केली तर १४ मीटरवर साडेसहा मीटरचा पट्टा दिसतो. तुमचं फाटक सहा मीटरचं आहे, ते पूर्ण मावतं. १,९२० भागिले साडेसहा, मीटरमागे २९५ पिक्सेल. प्लेटला ५९, चेहऱ्याला ४७. एटकेपेक्षाही जास्त, आणि तेही ज्या कॅमेऱ्याला ग्रुपवर नावं ठेवली जाताहेत त्याच दर्जाच्या कॅमेऱ्यातून.

तुमच्या पत्रातली सगळ्यात खोल समजूत इथेच आहे असं मला वाटतं, आणि ती एकट्या तुमची नाही. कॅमेरा जितका भारी तितकं सगळं दिसेल, नंतर हवं तिथे मोठं करून बघू, असं जवळजवळ प्रत्येक सोसायटीत धरून चालतात. म्हणून रुंद कोनाचे कॅमेरे उंच लावले जातात आणि एकाच कॅमेऱ्याकडून पार्किंग, फाटक, रस्ता, नंबर, चेहरा अशा सगळ्या अपेक्षा ठेवल्या जातात. कॅमेऱ्याला काम एकच द्यावं लागतं. काय घडलं ते दाखवायचं, की कुणी केलं ते दाखवायचं, की गाडी कुठली ते दाखवायचं? ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींना लेन्स, उंची आणि उजेड वेगळा लागतो.

आता रात्र. चोरी पहाटे पावणेतीनला झाली, तेव्हा आपला सगळा विचार पावणेतीनचा हवा.

कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी, करंगळीच्या नखापेक्षाही लहान चकती. बाजारातल्या बहुतेक परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत तो १/२.८ इंच म्हणून ओळखला जाणारा आकार असतो, मग कॅमेरा २ मेगापिक्सेलचा असो की ८ चा. २ मेगापिक्सेल असतील तर एकेक पिक्सेल सुमारे २.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, ८ असतील तर १.४५ चा. रुंदी निम्मी, म्हणजे क्षेत्रफळ पाव. पावसात अंगणात एक परात ठेवली काय आणि तेवढ्याच जागेत चार वाट्या ठेवल्या काय, पडणारं पाणी तेवढंच. प्रत्येक वाटीत मात्र पाव. दिवसा उजेडाचा मुसळधार असतो तेव्हा वाट्याही भरतात. रात्री भुरभुर असते आणि चार वाट्यांचे तळच ओले होतात. पडद्यावर ते मुंग्या आल्यासारखं दिसतं. मग कॅमेरा त्या मुंग्या पुसायला आधीच्या-नंतरच्या चित्रांची सरासरी काढतो आणि हलणाऱ्या माणसाच्या मागे शेपूट येते. फुटेजमधले चेहरे राखाडी डागासारखे दिसतात त्यामागे पिक्सेल कमी पडण्याइतकंच हेही कारण आहे.

याला उपाय आहे, मोठा सेन्सर. ८ मेगापिक्सेलला १/१.८ इंचाचा सेन्सर असेल तर पिक्सेल २ मायक्रॉनपर्यंत जातो, १/१.२ इंचाचा असेल तर पुन्हा २.९. असे कॅमेरे मिळतात आणि ते महाग असतात. म्हणून कोटेशनमध्ये "फोरके" एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. सेन्सरचा आकार लिहून मागा. एटकेमध्ये तर सव्वातीन कोटींहून जास्त पिक्सेल एका चकतीवर बसवायचे असतात. अंधाऱ्या फाटकासाठी तो सौदा मी कुणालाही सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट वेग. उजेड कमी पडला की कॅमेरा आपलं शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, बहुतेक वेळा सेकंदाचा पंचविसावा भाग. ताशी २० किलोमीटरने जाणारी दुचाकी एवढ्या वेळात २२ सेंटिमीटर पुढे सरकते. प्लेट २० सेंटिमीटरची. म्हणजे कॅमेऱ्यासमोरून आडव्या जाणाऱ्या गाडीचा एक फोटो निघेपर्यंत प्लेट आपल्या पूर्ण रुंदीपेक्षा जास्त सरकलेली असते आणि सगळे आकडे एकमेकांत कालवले जातात. इथे पिक्सेल वाढवून काहीही हाती लागत नाही, ते कालवण फक्त जास्त बारकाईने दिसतं. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणलं तर तेच सरकणं एक सेंटिमीटरच्या आसपास येतं आणि नंबर वाचता येतो. पण शटर इतकं कमी केलं की चित्र काळंकुट्ट होतं, म्हणून उजेड लागतो. सगळं फिरून उजेडापाशीच येतं.

आणि तो पांढरा चौकोन. नंबरप्लेटचा पत्रा प्रकाश जिथून आला तिकडेच परत फेकतो, तो तसाच बनवलेला असतो. कॅमेऱ्याच्या भोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड प्लेटवर पडतो आणि सरळ लेन्समध्ये परततो. आजूबाजूच्या अंधाराला जुळवून घेतलेल्या कॅमेऱ्याला प्लेट मग विजेरीसारखी भगभगीत दिसते. फोरकेनेही तोच पांढरा चौकोन टिपला असता, कडा जरा जास्त रेखीव आल्या असत्या इतकंच. त्यासाठी वेगळा कॅमेरा वेगळ्या सेटिंगवर ठेवावा लागतो: शटर जलद, लेन्स अरुंद, उंची कमी. असा कॅमेरा रात्री बाकी जवळजवळ काहीच दाखवत नाही. काळ्या पडद्यावरून नुसत्या प्लेटा सरकताना दिसतात. सभासदांना तो बिघडलेला वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवा.

साठवणुकीकडे वळतो, कारण तुमच्या कोटेशनमधली खरी अडचण मला तिथे दिसली. त्यात १६ फोरके कॅमेरे, ६ टीबीच्या दोन हार्ड डिस्क आणि "३० दिवस बॅकअप" असं लिहिलंय. एक कॅमेरा सतत १ एमबीपीएसने (सेकंदाला १० लाख बिट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला १०.८ जीबी लागतात. फोरकेचं चित्र हलत्या प्रसंगातही नीट राहावं म्हणून ८ एमबीपीएस धरले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला ८६ जीबी, सोळांचे १,३८२ जीबी, तीस दिवसांचे ४१ टीबीहून जास्त. तुम्हाला मिळणार १२ टीबी. म्हणजे एक तर नवव्या दिवशी जुनं पुसलं जाईल, किंवा बसवणारा माणूस तीस दिवसांचा शब्द पाळायला प्रत्येक कॅमेरा २.३ एमबीपीएसच्या आसपास आणून ठेवेल. दुसरंच होतं बहुधा. एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीवर) रिकामं पार्किंग एवढ्यात छान मावतं, कारण काही हलतच नाही. ज्या दोन सेकंदांत कुणी पळतं, नेमक्या त्याच वेळी चित्राचे चौकोनी ठोकळे होतात. रात्रीच्या मुंग्याही तेवढ्याच बिट खातात. फोरकेचे पैसे मोजून तुम्ही पुसट फोरके साठवून ठेवाल.

तुमच्या आत्ताच्या डीव्हीआरमध्येही, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या रेकॉर्डरमध्येही, एकदा डोकवा. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये १०८०एन किंवा "लाइट" असा शब्द असेल तर तो आडवे निम्मेच पिक्सेल साठवतोय, १,९२० ऐवजी ९६०. तसं निघालं तर तुमचे कॅमेरे इतकी वर्षं अर्ध्या ताकदीवर चालले आणि दोष कॅमेऱ्यांचा नव्हे, रेकॉर्डरचा आहे. आणखी एक: पोलिसांना दिलेली क्लिप मोबाइलच्या ॲपवरून स्क्रीन रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपने पाठवली, असं तुम्ही लिहिलंय. ॲप बहुतेक वेळा हलका, कमी पिक्सेलचा दुय्यम प्रवाह दाखवतं आणि व्हॉट्सॲप त्याला पुन्हा दाबतं. मूळ फुटेज अजून डिस्कवर असेल तर हे वाचून झाल्याबरोबर रेकॉर्डरला पेनड्राइव्ह लावून काढून घ्या. त्यात नंबर मिळेल अशी आशा मी लावत नाही. पण एकाच्या टोपीवरची खूण, दुसऱ्या गाडीचा आकार, टेल लॅम्पची ठेवण, असलं काही मिळू शकतं आणि तपासात त्याचा उपयोग होतो.

ग्रुपवर कुणीतरी एआयने चित्र साफ करून देतो म्हणतोय, त्याला प्रेमाने नाही म्हणा. १३ पिक्सेलमध्ये जी माहिती उतरलीच नाही ती कुठूनही परत येत नाही. असं सॉफ्टवेअर शिकलेल्या लाखो चेहऱ्यांवरून एक शोभेलसा चेहरा रचून देतं. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या अशाच एका साधनाला बराक ओबामांचा पुसट केलेला फोटो दिला गेला, तर त्यातून एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ चेहरा बाहेर आला. तुमच्या फाटकावरच्या राखाडी डागातून उद्या कुणाचाही चेहरा निघेल, आणि तो शेजारच्या वस्तीतल्या एखाद्या पोरासारखा दिसला तर त्या पोराचं काय होईल याचा विचार करा.

मग जास्त मेगापिक्सेल कधीच घेऊ नयेत का? घ्यावेत, जागा बघून. मुलांच्या खेळाच्या मोकळ्या जागेवर दिवसा नजर ठेवायची असेल आणि कुठल्या कोपऱ्यात काय घडेल ते आधी ठाऊक नसेल, तर एक फोरके दोन-तीन जुन्या कॅमेऱ्यांचं काम करतो. लिफ्टच्या लॉबीत उजेड कायम असतो आणि माणूस तीन-चार मीटरवरून जातो, तिथेही चालेल, पण तिथे २ मेगापिक्सेलच पुरतो. दुकानदार वाचकांनी गल्ल्यावर नोटा आणि हात दिसायला हवे असतील तर जरूर फोरके लावावा, पंधरा फुटांच्या आतलं काम आहे आणि वर ट्यूबलाइट आहे. तुमचं दुखणं मात्र फाटकाचं आहे, रात्रीचं आहे आणि दूरचं आहे.

तुमच्या जागी मी सभेपुढे काय मांडलं असतं ते सांगतो. बारा कॅमेरे आहेत तसे ठेवायचे, फक्त काचा पुसून, कोळ्यांची जाळी काढून. हसू नका, रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोरचा एक तंतू पहाटेपर्यंत अख्खं चित्र धुकट करतो. रेकॉर्डर पूर्ण रिझोल्यूशनचा नसेल तर बदलायचा. खरा खर्च फाटकावर करायचा. तिथे दोन नवे कॅमेरे, २ किंवा ४ मेगापिक्सेलचे, मोठ्या सेन्सरचे, लेन्स २.७ ते १३.५ मिमीपर्यंत मागेपुढे करता येणारी. एक खास नंबरप्लेटसाठी, कमी उंचीवर, फाटकाच्या जरा बाजूने. दुसरा चेहऱ्यासाठी, सात-आठ फुटांवर, कारण बीमवरून उतरणाऱ्या नजरेला जवळ आलेल्या माणसाची टोपीच दिसते. फाटकावर रात्रभर चालणारा पांढरा एलईडी दिवा, आतल्या बाजूला एक गतिरोधक. गाडी हळू झाली की शटरचं अर्धं दुखणं कमी होतं.

आणि कोटेशनवर सही करण्याआधी पुरवठादाराला एक रात्र मागा. कॅमेरा नुसता तात्पुरता बांधायचा, तुमच्याच फाटकावर. मध्यरात्रीनंतर कुणीतरी दुचाकी घेऊन दोनदा आत-बाहेर करावं, एकदा हेडलाइट लावून, एकदा बंद ठेवून. वॉचमनने टोपी घालून चालत जावं. सकाळी ते रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन संगणकाच्या पडद्यावर बघायचं आणि चाचणीला हजर नसलेल्या सभासदाला नंबर वाचायला लावायचा. वाचता आला तर ऑर्डर, नाही तर नमस्कार. दिवसाचा डेमो स्वीकारू नका. दुकानातल्या पडद्यावर फुलांचं आणि समुद्राचं चित्र बघून तर कधीच ठरवू नका. चांगला पुरवठादार या अटीला घाबरत नाही. आणि "पुढची दहा वर्षं बघायला नको" याला माझं उत्तर असं की दहा वर्षांत हार्ड डिस्क बदलावीच लागते, कॅमेऱ्याची काच उन्हाने धुरकटते आणि सॉफ्टवेअरचे अपडेट बंद होतात. एकदाच काय ते, असं या वस्तूत होत नाही.

कॅमेऱ्याने चोरी थांबते का, हाही प्रश्न सभेत निघेल. प्रामाणिक उत्तर, थोडी. ४० वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास कमी दिसले. सर्वांत जास्त फायदा वाहनतळांवर होता, आणि जिथे कुणीतरी पडद्यावर प्रत्यक्ष लक्ष ठेवत होतं किंवा जोडीला इतर उपाय होते तिथे परिणाम चांगला होता. तुमच्याकडे एकच वॉचमन रात्री दोन फाटकं बघतो आणि मुख्य फाटक उघडं असतं. रात्री अकरा ते पाच ते कुलूपबंद ठेवलं असतं, तर ढकलत नेलेली ती गाडी वॉचमनला उठवल्याशिवाय बाहेर पडली नसती. पार्किंगच्या भिंतीत लोखंडी कडी बसवून रात्री चाकातून साखळी घालायची सोय केली तर त्याचा खर्च एका कॅमेऱ्याइतकाही येणार नाही. नंबर मिळाला असता तरी ती दुसरी दुचाकीही चोरीची किंवा खोट्या प्लेटची असू शकते, हेही सभासदांच्या कानावर घाला.

बाकीच्या गोष्टी भराभर. एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, त्या प्रमाणपत्राची प्रत कोटेशनला जोडून मागा. पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. २०२५ मध्येच राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांचं फुटेज बाहेर विकलं गेल्याचं उघड झालं होतं. समोरच्या बंगल्याच्या आणि तळमजल्याच्या खिडक्या चित्रात येत असतील तर तेवढा भाग झाकायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरा. कॅमेरा भारी होईल तसा हा मुद्दा जास्त टोचणारा होतो. रेकॉर्डरचं घड्याळ दर महिन्याला तपासा. घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर आरोपीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

फुटेज न्यायालयात चालायचं तर त्याला दाखला लागतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्कं केलं. तिथेही वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचाच होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात दाखल्याचा नमुना दिलाय आणि फाइलचं हॅश मूल्यही (फाइलचा जणू बोटाचा ठसा असलेला आकडा) लिहावं लागतं. तपास अधिकाऱ्यांकडून तो नमुना घ्या. रेकॉर्डर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची सही लागेल, म्हणजे बहुधा तुमचीच.

ग्रुपवर मात्र उत्तरं देत बसू नका. फळ्यावरचा तो हिशेब एका कागदावर लिहा, खाली फाटकाच्या चाचणीची तारीख टाका आणि सभेच्या नोटिशीला जोडा. घरटी सहा हजारांवर ज्यांचा जीव अडकलाय ते पेन्शनर सभासद तुमच्या बाजूने उभे राहतील. चेअरमनसाहेबांना चाचणीच्या रात्री हजर राहायची विनंती करा. त्यांना सोसायटीचं भलंच हवंय, फक्त मोठ्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसलाय.

आता त्या मुलाविषयी, कारण सगळ्या पत्रात त्याच्यासाठी काय करता येईल हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि काळजी मात्र ओळीओळीत आहे. त्याच्या विम्याची पॉलिसी आधी बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक असेल तर कंपनीला लेखी कळवायला एक दिवसही आणखी घालवू नका. एफआयआरची प्रत, आरसी आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या लागतील. कर्ज देणाऱ्या कंपनीलाही कळवायला सांगा आणि हप्ता परस्पर थांबवू नको म्हणावं. तपास लागला नाही तर पोलिस न्यायालयात "अ समरी" पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. विमा कंपनी बहुतेक वेळा त्याच कागदासाठी थांबते, तेव्हा पोलिस ठाण्यात त्याचा पाठपुरावा करावा लागेल. तो एकटा गेला तर त्याला हेलपाटे पडतील, कमिटीतलं कुणीतरी सोबत जावं. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज लागत होती असा दाखला लेटरहेडवर त्याला आजच द्या, त्यासाठी सभेची वाट बघायची गरज नाही.